जुंपून घेतलेलं कार्ड

खोली बघायला गेलो तेव्हा काकूंनी आधी माझे दात बघितले. खोटं नाही सांगत. लातुरात क्लासवाल्यांच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं, वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या. मी बिलोलीकडचा, एका क्लासात पोरांना फिजिक्स शिकवायला नुकताच लागलो होतो. काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आ कर." मला वाटलं, गुटखा खातो का बघत असतील. दात बघून झाले तर म्हणाल्या, "आता जिना चढून-उतरून दाव." मी चढलो, उतरलो. "दम लागत न्हाई. पाय बी वाजवत न्हाईस. ऱ्हा." पुढे लग्नाच्या वेळी मुलीकडची मंडळी मला बघून गेली, पण इतकं मन लावून कोणी बघितलं नाही.

बैल घेताना जे बघायचं तेच काकू सगळ्यांत बघायच्या. त्यांच्या वडलांना मुलगा नव्हता, म्हणून माळेगावच्या जत्रेत बैल घ्यायला ते ह्या लेकीला सोबत न्यायचे. त्यांचा एकच कायदा होता, जुंपल्याशिवाय दाम नाही. आधी बैल औताला जुंपायचा, चार पावलं चालवायचा, मग पैशाची गोष्ट. काकूंनी हा कायदा लातुरात आणला आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या नाकी नऊ आणले. मिक्सर घ्यायला गेल्या तर घरून शेंगदाणे, लसूण, मिरच्या बांधून नेल्या आणि दुकानातच चटणी वाटली. गादीच्या दुकानात गादीवर आडव्या झाल्या त्या दुपारभर झोपल्या. उठून म्हणाल्या, "न्हाई. पाठ धरली." आणि रिक्षात बसून घरी आल्या.

गुरुजी, म्हणजे काकूंचे यजमान, झेडपीच्या शाळेत होते; मी यायच्या आधीच वारले होते. मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला आणि त्याचा गेम खेळायचा सगळा संसार बैठकीत टाकून गेला. भलंमोठं कॅबिनेट, मॉनिटर, टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, खाली पॅडल. काकूंनी तो भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं. पण विकायची वस्तू तरी चालू हाय का बंद, हे जुंपून बघायला नको? मला हाक मारली. मी कम्प्युटर सुरू केला, तर त्यात एक शेतीचा गेम निघाला. ट्रॅक्टरवर बसायचं, नांगरायचं, पेरायचं, काढायचं. काकू खुर्चीवर बसल्या त्या संध्याकाळच्या चहाला उठल्या नाहीत. भंगारवाला येऊन, दारात उभा राहून परत गेला.

त्या गेममधलं रान परदेशातलं होतं, गोऱ्यांचं. काकूंनी एकेका शेताला आपल्याकडची नावं ठेवली. एक चिंचेचं, एक बरडाचं, एक नाल्याकडचं. सोयाबीन पेरता यायचं, त्यावर त्या खूश. पण पिकांच्या यादीत तूर दिसेना तेव्हा माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू तूर मीच काढून टाकली. "तूर न्हाई? मंग हे लोक वरणात काय घालतेत?" गेममध्ये पाऊस पडायला लागला की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि तिथं गोऱ्याच्या बांधावर फुकटचा पाऊस. त्या ट्रॅक्टर उभा करून पावसाकडं बघत शिव्या घालायच्या. शिव्या अशा की वरच्या मजल्यावरची पोरं पुस्तकं खाली ठेवून ऐकायची.

पोळ्याचं सांगितलं तर कोणाला पटत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपानं-हळदीनं मळतात आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. काकूंनी कॅबिनेटची बाजू काढायला लावली, आतला पंखा कापसानं पुसला आणि त्या भोकाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी. वर झूल म्हणून गुरुजींची जुनी शाल, पुढं पुरणपोळी. मी म्हणालो, "काकू, ह्याला काय कळणार?" म्हणाल्या, "तुला तरी काय कळतंय? पण तुला वाढायलेच की मी." ती पुरणपोळी नंतर मीच खाल्ली.

आता ह्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि आम्ही हसायचोही. पण काकूंचा जीव त्या ट्रॅक्टरात अडकला होता त्याला कारण होतं. ज्या बाईनं वडलांना बैल निवडून दिले तिला त्याच बैलांमागं नांगर कधी धरू दिला नव्हता. आमच्याकडं बाईनं नांगर धरायचा नसतो. धरला तर पाऊस पळतो म्हणे. मराठवाड्यातला पाऊस पळून जायला बाईची वाट बघत बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, पण बोलणार कोण. लग्न होऊन सासरी आल्या तिथंही तेच. मुखेडजवळच्या गावात गुरुजींच्या वाट्याचं काळं रान होतं. ते गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ, काकूंचे दीर, ते बटईनं करायचे. कसायचं त्यांनी, पीक निम्मं-निम्मं. दीर माणूस सरळ. दरसाल काकूंचा वाटा स्वतः टेम्पोत घालून लातूरला आणून टाकायचे, वर पायरीवर बसून चहा प्यायचे. काकूंना पोती मोजून मिळत होती. त्यांना रान पाहिजे होतं.

बटईचा करार पाडव्याला बदलतो. त्या वर्षी संक्रांत झाल्यावर दीर आणि जाऊबाई तुरीची डाळ घेऊन आले, तेव्हा काकूंनी विषय काढला. येत्या पाडव्यापासून रान मी करणार, ट्रॅक्टरवर मी बसणार. दीर मोठ्यानं हसले. त्यांचं हसणं संपायच्या आत काकूंनी कम्प्युटर लावला आणि त्यांना नांगरून दाखवायला बसल्या. आणि तिथंच घात झाला. बांधाशी ट्रॅक्टर वळवला की मॉनिटरवरचं चित्र मधून आडवं फाटायचं. वरचं निम्मं रान एकीकडं, खालचं निम्मं दुसरीकडं सरकलेलं. नांगराचा तास, म्हणजे मागं उमटणारी ती रेघ, मधूनच तोडून बाजूला ठेवल्यासारखी दिसायची.

"वैनी, तास तुटला की तुमचा," दीर म्हणाले. "कम्प्युटरमदी सरळ तास येईना अन् रान कसायला निघालाव. बरं, असं करा. पाडव्याला येतो. एक तास आख्खा, सरळ काढून दावा, रान तुमचं. न्हाईतर हा इषय पुन्ना काढायचा न्हाई."

ते गंमतीनंच म्हणाले. पण जाऊबाईंच्या देखत म्हणाले, माझ्या देखत म्हणाले. काकूंनी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

मी सांगितलं, काकू, तास तुटत नाही, चित्र तुटतंय. फाटणं थांबवायची एक खिट्टी, म्हणजे सेटिंग, गेममध्येच असते, ती मी लावून दिली. फाटणं थांबलं. पण कॅबिनेटातलं जुनं ग्राफिक्स कार्ड दमायला लागलं आणि ट्रॅक्टर उशिरा वळायला लागला. काकूंनी स्टिअरिंग फिरवायचं आणि वाट बघायची. "आत्ता वळ म्हनलं की उद्या वळायलंय हे. काढ ती खिट्टी." काढली. मग नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं. कॅबिनेटच्या आत चित्र काढायचं काम हे कार्ड करतं, एवढं मी सांगितलं. "म्हंजे बैल," काकू म्हणाल्या. मी म्हणालो, "तसंच समजा." तिथून पुढचा सगळा कारभार त्यांनी हातात घेतला.

मी रोज त्यांना कार्डांची चित्रं मोबाइलवर दाखवायचो. बाजारात मोठ्या दोन जाती. एक लाल डब्यात येते, तिला त्यांनी लालकंधारी म्हटलं. दुसरी देवणी; दोन्ही आमच्याकडच्या बैलांच्या जाती. कुठलं कार्ड किती वीज खातं हे विचारताना त्या "वैरण किती लागती" असंच विचारायच्या. एका कार्डाला तीन पंखे बघून म्हणाल्या, "ह्याला लईच गरमी हाय, उन्हाळ्यात बसकण मारंल." खरं सांगतो, इंटरनेटवर तासन्तास वाद घालणारी माणसं शेवटी ह्याहून वेगळं काही बोलत नाहीत.

पण लातुरातले दुकानदार जुंपून दाखवायला तयार होईनात. आधी पैसे, मग डबा फोडू. शेवटी नांदेडचा एक दुकानदार फोनवर हो म्हणाला. काकूंनी स्टिअरिंग माझ्या हातात दिलं, कॅबिनेट गुरुजींच्या शालीत गुंडाळलं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाय?" म्हणाल्या, "जनावर." त्यानं पुढं विचारलं नाही.

नांदेडच्या दुकानात काचेमागं चाळिशीतला मालक आणि कोपऱ्यात खुर्चीवर त्याचे वडील, डोक्याला पटका, हातात काठी. मालकानं सगळ्यात दांडगं कार्ड आमच्या कॅबिनेटात बसवलं आणि दुकानातला नवाकोरा मॉनिटर जोडून दिला. काकूंनी एक तास काढला. वळवला. दुसरा काढला. चित्र कुठं म्हणून फाटलं नाही. काकूंच्या तोंडावर असं समाधान मी आधी बघितलं नव्हतं. त्यांनी पैसे दिले, कॅबिनेट पुन्हा शालीत गेलं.

घरी आणून जुना मॉनिटर जोडला, तर चित्र पहिल्यापेक्षा जास्त फाटायला लागलं. आधी एका ठिकाणी फाटायचं, आता दोन-दोन ठिकाणी. पाडवा पंधरवड्यावर आलेला. मी खिट्टी पुन्हा लावून बघितली. फाटणं थांबलं, पण स्टिअरिंगचा तो बारीक उशीर राहिलाच आणि काकूंच्या हाताला तो बरोबर कळायचा. त्या खुर्चीवरून उठल्या, चुलीपाशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी खरंच बोलले. माझ्या हाताला गुणच न्हाई." ही बाई माझे दात बघणारी. त्यांना असं बोलताना ऐकून मला फार वाईट वाटलं.

मी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा समजावून सांगायला लागलो. मॉनिटर ठरलेल्या चालीनं चित्र बदलतो. कार्ड त्याहून भराभर चित्रं काढून त्याच्या पुढ्यात टाकतं. मॉनिटरचं एक चित्र निम्मं दाखवून झालेलं असतं तोवर दुसरं येऊन पडतं, मग वर जुनं आणि खाली नवं, आणि ते फाटल्यासारखं दिसतं. कार्ड जितकं जोरदार, तितकं...

"थांब," काकू म्हणाल्या. "दुकानात मॉनिटर कुनाचा व्हता?"

"दुकानाचा."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं माझ्या आये. मला फसविलं, अन् तेबी बाजारातल्या सगळ्यात जुन्या खोडीनं."

ती खोड अशी. वाईट बैल खपवायचा असला की दलाल त्याच्या जोडीला आपला मुरलेला बैल जुंपतो. मुरलेला बैल सांभाळून घेतो, जोडी झकास चालते, गिऱ्हाईक पैसे टाकतं. घरी नेऊन आपल्या बैलाशेजारी जुंपलं की एक पुढं, एक मागं, आणि तास वाकडा. काकूंना लहानपणी वडलांनी पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. बैल एकटा घ्यायचा नाही, आपला जोडीदार सोबत न्यायचा. आणि त्या कॅबिनेट घेऊन गेल्या आणि मॉनिटर घरी ठेवून गेल्या.

"मालकानं मुद्दाम नसंल केलं," मी म्हणालो.

"तसं न्हाईच केलं त्यानं. म्या केलं. त्याचाच राग यायलाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा नांदेड. ह्या वेळी मॉनिटर माझ्या मांडीवर. मालक म्हणाला, मावशी, विकलेला माल परत होत नाही, कार्ड उत्तम आहे, दोष तुमच्या मॉनिटरचा. काकू म्हणाल्या, "दोष कुनाचाच न्हाई. जोडी जमंना. मला इतकं दांडगं नको. मधलं कार्ड दे, अन् त्याच्या चालीनं चालनारा मॉनिटर दे." असे मॉनिटर मिळतात, कार्डानं चित्र तयार केलं की मगच बदलणारे. मी तेच सांगणार होतो, पण मला विचारतंय कोण. मालक मान हलवत राहिला. तेव्हा काकूंनी पिशवीतून रुमाल काढला, काऊंटरवर पसरला आणि त्याखाली हात घालून कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडं बघितलं.

जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. मालकालाही कळलं नाही. म्हातारा मात्र काठी टेकत उठला. दुकान पोराचं, पण बापाची सगळी हयात जनावरांच्या दलालीत गेली होती. काकूंनी त्याचा पटका आणि चालण्याची ढब पहिल्याच दिवशी ओळखली होती. तो रुमालापाशी आला आणि थबकला.

"बाईमाणसासंग हात कसा घालू?"

"कामून? बाईला बोटं कमी असतेत का?"

म्हातारा हसला आणि त्यानं रुमालाखाली हात घातला. मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेली कॉलेजची पोरंही थांबली. काकूंचा चेहरा कोरा, म्हाताऱ्याचा कोरा. रुमाल मधेमधे हलायचा. एकदा म्हाताऱ्यानं मान झटकली, एकदा काकूंनी. मग दोघांनी एकदम हात बाहेर काढले आणि म्हातारा पोराला म्हणाला, "दांडगं वापस घे. मधलं दे, मॉनिटर दे. बोलू नको." किती ठरलं ते मला आजपर्यंत माहीत नाही, मालकालाही त्या दिवशी माहीत नसावं. जोडी तिथंच जुंपली. काकूंनी सगळ्या दुकानासमोर चिंचेचं शेत आख्खं नांगरलं. म्हातारा शेजारी उभा राहून "हाव, हाव, सोड आता, वळीव" म्हणत होता.

पाडव्याला गुढी उभी केली, कडुलिंबाचं झालं, जेवणं झाली. दीर विसरल्यासारखं दाखवत होते. काकूंनी कम्प्युटर लावला. बैठकीत दीर, जाऊबाई, मी आणि सुट्टीला घरी न गेलेली वरची पोरं. काकूंनी पदर खोचला, नाल्याकडच्या शेतात ट्रॅक्टर घातला आणि ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत तास काढला. वळवला. चित्र कुठं तुटलं नाही. दोरी धरून काढावा तसा आख्खा, सरळ तास.

दीर मॉनिटरजवळ सरकून वाकले. मग म्हणाले, "हे मशिनचं काम हाय वैनी. ह्यात काय, कुनालाबी जमतंय."

काकू खुर्चीवरून उठल्या. "मंग बसा."

दीर बसले. रोज ट्रॅक्टर चालवणारा माणूस, ऐटीतच बसले. पण ते स्टिअरिंग भलतं हलकं होतं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा ट्रॅक्टर नाल्यात घातला होता, आणि काकूंनी त्यावर अख्खी दोन वर्षं घालवली होती. हे दिरांना कोणी सांगितलं नाही. माझ्या ओठावर आलं होतं, काकूंनी माझ्याकडं बघितलं, मी गप्प बसलो. ट्रॅक्टर निघाला तो डावीकडं गेला, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. मागं वळून बघितलं तर रानात नागमोडी रेघ पडलेली.

दिरांनी मॉनिटरच्या कडा बघितल्या, मागची वायर हलवून बघितली.

"आता पडदा फाटत न्हाई, भाऊजी," काकू म्हणाल्या.

जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता म्हणाल्या, "शब्द दिलाय तुमी. म्या व्हते तवा."

दिरांनी स्टिअरिंग सोडलं. मग म्हणाले, "घ्या रान. पन ट्रॅक्टर माझाच न्या. बाहेरचा लावू नका."

"भाडं घ्याल तर नेते."

"भावजयीकून भाडं घेऊ व्हय," ते म्हणाले, आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. काकू त्यांच्यासाठी चहा घेऊन गेल्या.

त्यानंतर लवकरच मला नांदेडच्या एका कॉलेजात काम मिळालं आणि मी खोली सोडली. निघताना काकूंनी मला वाकायला लावलं आणि पुन्हा एकदा दात बघितले. म्हणाल्या, "बरा ऱ्हायलास हितं." उन्हाळा तापायला लागला तेव्हा एका सकाळी, मी वर्गावर निघालो असताना, त्यांचा फोन आला. मागं वारा आणि ट्रॅक्टरची धडधड.

"पैला तास काढला," त्या म्हणाल्या.

"कसा आला?"

"सापावानी. भाऊजी बांधावर बसून हसायलेत. पोट धरून हसायलेत मेले."

"मग?"

"मंग काय. हितं ना कार्ड, ना पडदा. शिव्या कुनाला घालू? म्हनून तुला फोन लावला."

आणि त्यांनी मला शिव्या घातल्या. मनसोक्त, पावसाला घालायच्या तशा. कॉलेजच्या व्हरांड्यात उभं राहून मी त्या सगळ्या ऐकल्या, आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या म्हणाल्या, "धर जरा, दुसरा काढते," आणि फोन तसाच चालू बांधावर ठेवून ट्रॅक्टरवर चढल्या. वर्गाची घंटा झाली. मी फोन कानालाच ठेवला. ट्रॅक्टर लांब लांब गेला, पलीकडच्या बांधाशी वळला, आणि मग हळूहळू माझ्याकडं परत यायला लागला.